कैलासपतीच्या फुलातील फणा: पुंकेसरांची रचना कशी पाहावी आणि कशी उलगडावी

कैलासपतीचे फूल हातात घेतले की बहुतेकांना त्यात महादेवाची पिंडी आणि तिच्यावर उभारलेला नागाचा फणा दिसतो. तमिळ भाषेत या झाडाला नागलिंगम म्हणतात आणि आपल्याकडेही शंकराच्या देवळांच्या आवारात ते भक्तिभावाने लावले जाते. हे साम्य केवळ डोळ्यांचा भास नाही, कारण फुलाच्या मधोमध खरोखरच एक उंचवटा असतो, त्याभोवती बारीक तंतूंचे वलय असते आणि वलयाच्या एका बाजूने निघालेला मांसल पट्टा वाकून त्यावर छत्र धरतो. हे वलय आणि तो फणा हे दोन्ही भाग पुंकेसरांचेच आहेत, आणि त्यांची कामे मात्र वेगवेगळी आहेत. एकाच फुलात पुंकेसरांची अशी कामाची वाटणी कशी झाली आहे हे एका सकाळी, साध्या साधनांनी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. जीवशास्त्राचे विद्यार्थी, शाळेतील शिक्षक आणि झाडांची आवड असणारे कोणीही हे करू शकतील.

प्रथम झाडाविषयी थोडे. कैलासपती हा मूळचा भारतीय वृक्ष नाही. तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील उष्ण प्रदेशातला आहे आणि फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले यांनी १७७५ मध्ये गियानामधील वनस्पतींवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. म्हणूनच त्याचे शास्त्रीय नाव कुरूपिता गियानेन्सिस असे आहे. तो लेसिथिडेसी कुलातला आहे. ब्राझील नट याच कुलातला, आणि आपल्या सह्याद्रीतला कुंभा व पाणथळ जागी वाढणारे समुद्रफळ हेही याच कुलातले. श्रीलंकेतील बौद्ध विहारांच्या परिसरात याच झाडाला शालवृक्ष समजून पूज्य मानले जाते. खरा शाल पूर्णपणे निराळा आहे. ओळख मुळीच अवघड नाही, कारण फुले फांद्यांच्या शेंड्यांवर न येता थेट खोडातून निघालेल्या लांब, वेड्यावाकड्या देठांवर येतात आणि त्याच देठांवर तोफगोळ्यासारखी कठीण तपकिरी फळे लोंबतात. ही फळे जड असतात आणि न सांगता खाली पडतात, त्यामुळे फळांच्या बरोबर खाली बसून निरीक्षण करू नये. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत कैलासपती पाहायला मिळतो. इतर शहरांत महाविद्यालयांची आवारे, जुनी उद्याने आणि शिवमंदिरे येथे शोध घ्यावा.

शब्दांबाबत एक खुलासा करते. पुंकेसर हा फुलाचा नर-भाग, म्हणजे वृंत (बारीक तंतू) आणि त्याच्या टोकावरचा परागकोश. जुन्या मराठी पुस्तकांत यालाच केसरदल म्हटलेले आढळते. फुलातील सर्व पुंकेसर मिळून पुमंग होते. परागकोश नसलेला किंवा कामाचा पराग न देणारा पुंकेसर असेल तर त्याला वंध्य पुंकेसर म्हणतात. मधल्या स्त्री-भागाला जायांग म्हणतात. त्यात खाली अंडाशय, वर कुक्षिवृंत आणि टोकाला कुक्षी असते.

साहित्य

दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, दाढीचे नवे पाते, दोन टाचण्या, चिमटा, पांढरी चिनीमातीची बशी, पट्टी, पेन्सिल आणि वही एवढे पुरेसे आहे. त्याशिवाय काळ्या मखमली कापडाची एक लहान पट्टी आणि दोरा जवळ ठेवावा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे. परागकण पाहायचे असतील तर सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, आच्छादक काचा आणि थोडे ग्लिसरीन लागेल.

आधी बहाव्यावर हात बसवावा

कैलासपतीचे फूल गुंतागुंतीचे आहे, त्यामुळे थेट त्यालाच हात घालण्याआधी एखाद्या सोप्या फुलावर नजर तयार करावी, असे मी आग्रहाने सांगेन. एप्रिल-मे महिन्यांत बहावा सर्वत्र फुललेला असतो. त्याचे एक ताजे फूल घेऊन पाकळ्या बाजूला केल्या की दहा पुंकेसर दिसतात, पण ते दहा एकसारखे नसतात. तीन पुंकेसर बरेच लांब असून धनुष्यासारखे वळलेले असतात आणि पाकळ्यांच्याही बाहेर डोकावतात. चार त्यांच्यापेक्षा आखूड आणि सरळ असतात. उरलेले तीन इतके खुजे असतात की भिंगाशिवाय ते सहज नजरेतून सुटतात. आता परागकोश कसे उघडतात ते पाहावे. लांब पुंकेसरांचे परागकोश उभ्या चिरेने उघडतात. आखूड पुंकेसरांच्या परागकोशांना मात्र बुडाशी बारीक छिद्र असते आणि पराग त्यातून मीठदाणीतून मीठ पडावे तसा बाहेर पडतो.

बहाव्यावर येणारा काळा भुंगा आखूड पुंकेसरांना कवटाळून पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो. तो आवाज जवळ उभे राहिल्यास स्पष्ट ऐकू येतो आणि नेहमीच्या उडण्याच्या गुणगुणीपेक्षा तो अधिक बारीक व तीव्र असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील नादकाटा वाजवून त्याचे टोक आखूड परागकोशाला हलकेच टेकवले आणि खाली काळा कागद धरला तर तीच क्रिया हाताने घडवून आणता येते. पराग खाली पडला तर कागदावर पिवळी भुकटी दिसते. मुले हा प्रयोग कधीही विसरत नाहीत.

एकाच फुलातील काही पुंकेसर कीटकाला खाऊ घालण्यासाठी आणि काही परागीभवनासाठी, हा विचार फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये राहून केलेल्या निरीक्षणांतून १८८३ मध्ये मांडला होता. ज्या फुलात मधुरस नाही आणि पराग हाच एकमेव मोबदला आहे, त्या फुलापुढे पेच असतो, कारण कीटकाने सगळाच पराग खाल्ला तर बीज धरणार कसे आणि काहीच दिले नाही तर कीटक येणार कशाला? बहाव्याने हा पेच लहान-मोठ्या पुंकेसरांनी सोडवला आहे. कैलासपतीनेही तोच पेच सोडवला आहे, पण त्याची रीत अगदी निराळी आहे.

बहाव्याचा हंगाम नसेल तर जानेवारी ते मार्चमध्ये काटेसावरीच्या झाडाखाली पडलेली अख्खी फुले घ्यावीत. बाहेरच्या बाजूला पुंकेसरांचे पाच जुडगे, आतल्या बाजूला दहा सुटे आखूड पुंकेसर आणि अगदी मध्याशी टोकाला दुभागलेले पाच पुंकेसर, अशी रचना पाकळ्या सोलून काढल्यावर मोजता येते. मोजण्याची शिस्त लागण्यासाठी या फुलाइतके चांगले दुसरे फूल नाही.

कैलासपतीचे फूल: वेळ आणि निवड

या फुलाचे आयुष्य एका दिवसाचे असते. रात्री उशिरा किंवा पहाटे ते उमलते, सकाळी त्याचा गंध सर्वांत तीव्र असतो आणि पुढे त्याच्या पाकळ्या व पुमंग गळून पडतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि जमिनीवरची फुले गोळा करून घरी आणली. परागकोश काळपट पडले होते, वलय चिकट झाले होते आणि सर्वांत मोठी अडचण अशी की गळलेल्या फुलांना अंडाशयच नव्हता, कारण तो देठावरच राहतो. त्या दिवशी काढलेली आकृती चुकीची निघाली आणि ती पुन्हा काढावी लागली. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास झाडापाशी पोहोचावे. देवळाच्या आवारातील झाड असेल तर गुरवांना आधी विचारावे. दोन फुले आणि तीन कळ्या अभ्यासासाठी हव्यात असे नीट सांगितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. दोनपेक्षा अधिक फुले तोडण्याची गरज पडत नाही.

फूल तोडण्यापूर्वी ते झाडावरच पंधरा मिनिटे पाहावे. या टप्प्याला घाई करू नये, कारण एकदा फूल देठापासून वेगळे झाले की त्याची दिशा कळत नाही. फणा वरच्या बाजूला आहे की खालच्या, फूल क्षितिजाकडे तोंड करून आहे की जमिनीकडे, भुंगा कोणत्या बाजूने आत शिरतो, आत किती वेळ थांबतो आणि बाहेर पडल्यावर पायांनी अंग कसे साफ करतो, याच्या नोंदी वेळेसह कराव्यात. लहान मधमाश्याही येतात. त्या फण्यावर जातात की वलयावर, हे वेगळे लिहावे. लहान कीटक पराग उचलतो, परंतु त्याचे शरीर फणा आणि वलय या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकत नसल्यामुळे तो परागीभवनाच्या उपयोगाचा असेलच असे नाही.

फूल उलगडताना

फूल बशीत ठेवून आधी पाकळ्या पाहाव्यात. त्या सहा असतात, जाडसर व मांसल असतात, आतून गुलाबी-लाल आणि बाहेरून पिवळसर छटेच्या असतात. पाकळ्यांच्या बाहेरचे निदलही सहा असतात. पाकळ्या एकेक करून बुडापासून काढल्या की पुमंग एकसंध वस्तू म्हणून हातात येते आणि त्याचे तीन भाग सहज ओळखता येतात.

पहिला भाग म्हणजे वलय. कुक्षीच्या भोवती गोल रांगांत आखूड पुंकेसर दाटीवाटीने उभे असतात आणि ते सर्व बुडाशी एका मांसल चकतीला जोडलेले असतात. दुसरा भाग म्हणजे पट्टा. वलयाच्या एकाच बाजूने तो निघतो, सुरुवातीला सपाट असतो, त्यावर पुंकेसर नसतात आणि पुढे तो वळून वलयावर येतो. तिसरा भाग म्हणजे फणा. पट्ट्याचे टोक रुंद होते आणि त्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे वलयाकडे तोंड करून, लांबट पुंकेसरांची झालर लोंबते. वलयातील पुंकेसर वर पाहतात आणि फण्यातील पुंकेसर खाली पाहतात. या दोहोंच्या मध्ये जी फट उरते तीच या फुलाची खरी किल्ली आहे.

ती फट पट्टीने मोजून वहीत लिहावी. त्यानंतर मखमली कापडाची गुंडाळी करून ती दोऱ्याने बांधावी, साधारण भुंग्याच्या अंगाइतकी जाड ठेवावी आणि तिच्या एका बाजूला खडूने खूण करावी. ती खूण फण्याच्या बाजूला राहील अशा प्रकारे गुंडाळी फटीत हळूच सरकवावी आणि बाहेर काढावी. भिंगाखाली पाहिले तर खुणेच्या बाजूवर फण्याचा पराग आणि विरुद्ध बाजूवर वलयाचा पराग लागलेला दिसतो. भुंगा फण्याच्या झालरीला धरून पराग खात असताना त्याचे पोट व पाय फण्याकडे असतात आणि पाठ वलयाकडे. त्यामुळे ज्याचा त्याला उपयोग नाही तो पराग त्याच्या पाठीवर बसतो. दुसऱ्या फुलात गेल्यावर तीच पाठ तिथल्या कुक्षीला घासते. वाचून कळते त्याहून हे हातातल्या कापडावर पाहताना फार चांगले कळते, म्हणून ही कृती वगळू नये.

आता छेद घ्यायचा. बहुतेक चुका इथे होतात. कैलासपतीचे फूल जास्वंदीसारखे सर्व बाजूंनी सारखे नसते. त्याचे दोन सारखे भाग करणारी एकच रेषा असते आणि ती फण्याच्या मध्यातून, पट्ट्यावरून, वलयाच्या मध्यातून आणि अंडाशयातून जाते. पाते त्या रेषेवर धरून, फण्याकडून सुरुवात करून, एकाच दाबाने खालपर्यंत न्यावे. करवतीसारखे मागे-पुढे केल्यास झालर चुरगळते आणि पराग सगळीकडे पसरतो. छेद नीट झाला तर आकड्यासारखी वळलेली पुमंगाची बाजू आणि तिच्या खाली अंडाशय एकाच चित्रात दिसतात. अंडाशय निदलांच्या व पाकळ्यांच्या जोडणीच्या खाली असतो, म्हणजेच तो अधःस्थ आहे. कुक्षिवृंत अगदी बुटका असून कुक्षी भिंगातून सहा किरणांच्या चांदणीसारखी दिसते. दुसऱ्या फुलाचा अंडाशय आडवा कापावा; आत सहा कप्पे आणि प्रत्येकात पुष्कळ बीजांडे दिसतील. सहा निदले, सहा पाकळ्या, सहा कप्पे हा आकडा मनात ठेवला तर पुढे या कुलातील इतर फुले तपासताना मदत होते.

कळ्या विसरू नयेत. वाटाण्याएवढी, बोराएवढी आणि उमलण्याच्या बेतात आलेली अशा तीन कळ्या त्याच मध्यरेषेवर कापून शेजारीशेजारी मांडाव्यात. फणा हा वेगळा चिकटवलेला अवयव नसून पुमंगाच्या वलयाची एकच बाजू जास्त वाढत गेल्याने तो तयार होतो, हे या क्रमाने पाहिले की स्पष्ट होते. मला स्वतःला या फुलाची रचना खऱ्या अर्थाने कळली ती कळ्यांवरून.

परागकण सूक्ष्मदर्शकाखाली

दोन काचपट्ट्यांवर आधीच ‘वलय’ आणि ‘फणा’ अशा चिठ्ठ्या लावाव्यात आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या टाचण्या वापराव्यात, कारण एकाच टाचणीने पराग काढल्यास पुढचे निरीक्षण निरर्थक ठरते. मखमलीच्या प्रयोगात वापरलेले फूलही इथे चालणार नाही. परागासाठी न हाताळलेले फूल घ्यावे. परागकोश ग्लिसरीनच्या थेंबात टाचणीने दाबून फोडावा, कोशाचे तुकडे काढून टाकावेत आणि आच्छादक काच तिरकी टेकवत ठेवावी म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. चारशे पट वर्धनाखाली वलयातील परागकण सुटे, एकेकटे दिसतात, तर फण्यातील परागकण चार-चारांच्या घट्ट जुडीत राहिलेले दिसतात. १९८० मध्ये मोरी, ऑर्चर्ड आणि प्रान्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकी खंडातील लेसिथिडेसी कुलाच्या परागकणांमधील हा भेद मांडला आणि तेव्हापासून फण्यातील परागाला चाऱ्याचा पराग म्हटले जाते.

पुढची पायरी करून पाहण्यासारखी आहे. दहा टक्के साखरेच्या पाण्यात बोरिक आम्लाची अगदी किंचित मात्रा घालून दोन्ही प्रकारचा पराग वेगवेगळ्या थेंबांत ठेवावा, ओलसर कागद घातलेल्या झाकणबंद डबीत काचपट्ट्या ठेवाव्यात आणि दर तासाला पाहावे. कोणत्या कणांना परागनलिका फुटल्या आणि किती, हे शंभर कण मोजून लिहावे. एका झाडावरून निष्कर्ष काढू नये. निदान दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी ताज्या फुलांवर हाच प्रयोग पुन्हा करावा.

फणा नसलेले सगेसोयरे

कैलासपतीची रचना किती विशेष आहे हे तिच्या कुलातील साधी फुले पाहिल्यावरच उमगते. कुंभा मार्च-एप्रिलमध्ये पानगळीनंतर फुलतो. त्याच्या फुलाला चार पाकळ्या आणि असंख्य पुंकेसर असतात, ते बुडाशी जोडलेले असतात, पण फणा किंवा पट्टा नसतो. फूल चहूबाजूंनी सारखेच असते. तरीही त्यातले पुंकेसर एकसारखे नाहीत. सर्वांत बाहेरच्या आणि सर्वांत आतल्या पुंकेसरांना परागकोश नसतात आणि फक्त मधल्या रांगांतील पुंकेसर पराग देतात. फूल उभे कापून चिमट्याने एकेक रांग बाहेरून आत सोलत गेल्यास हे अर्ध्या तासात दिसते, मात्र बाहेरच्या वंध्य पुंकेसरांचे परागकोश गळून पडले असावेत अशी शंका येऊ शकते, म्हणून त्याच फांदीवरील न उमललेली कळी तपासून खात्री करून घ्यावी.

समुद्रफळाची फुले लांब लोंबत्या मंजऱ्यांवर येतात आणि त्यांचे लाल तंतू सकाळी झाडाखाली गालिचासारखे पसरतात. या गालिचावरून अभ्यास करण्याचा मोह होतो, पण तो पुमंगाचा गळून पडलेला भाग आहे. अंडाशय मंजरीवरच असतो. त्यामुळे संध्याकाळी उमलण्याच्या बेतात असलेली मंजरी कापून पाण्यात ठेवावी आणि रात्री उमलल्यावर फूल उघडावे. तोच नियम कुंभ्याला लागू आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला ब्राझील नट आहे. ॲमेझॉनच्या जंगलातील या झाडाच्या फुलात फणा वलयावर इतका दाबून बसलेला असतो की फटच उरत नाही आणि तो उचलण्याइतकी ताकद असलेल्या मोठ्या मधमाश्याच आत जाऊ शकतात. याच्या फण्यातील तंतूंना परागकोश नसतात. आपल्या हातातील फुलांची चित्रे कुंभा, कैलासपती आणि ब्राझील नट अशा क्रमाने एका कागदावर काढली (शेवटचे एखाद्या विश्वासार्ह आकृतीवरून), तर उघड्या वर्तुळापासून बंद झाकणापर्यंतची ओळ डोळ्यांपुढे येते. या फुलांनी एकमेकांपासून उत्क्रांत होऊन हाच क्रम घेतला असे त्यावरून समजू नये. ही केवळ रचनेची तुलना आहे.

नोंदी आणि जतन

रंग सर्वांत आधी लिहावेत, कारण ते सर्वांत आधी जातात. कापलेले फूल तासाभरात काळवंडू लागते, त्यामुळे पाकळ्यांच्या आतील आणि बाहेरील रंग, परागकोशांचा रंग आणि गंध यांची नोंद झाडापाशीच करावी. छेद घेतलेले अर्धे फूल सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ठेवावे. फण्याचा आकार टिकतो, रंग मात्र टिकत नाही. सुकवायचे असल्यास पुमंग सपाट दाबू नये, कारण फणा चेपला की त्याखालील फट कायमची नाहीशी होते. कोरड्या वाळूत पुरून आठवडाभर ठेवल्यास आकार बराच टिकतो. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, शाईची टाकू नये. चिठ्ठीवर झाडाचे ठिकाण, तारीख, फूल तोडल्याची वेळ आणि छेद कोणत्या रेषेवर घेतला हे लिहावे. उरलेल्या दुसऱ्या अर्ध्या फुलाचे चित्र त्याच दिवशी, दिवस मावळण्यापूर्वी पूर्ण करावे आणि त्यात वलयातील पुंकेसरांची व फण्यातील पुंकेसरांची टोके कोणत्या दिशेला आहेत हे बाणांनी दाखवावे.